ताईला लावून दिलेलं गाणं

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही—आणि तिची तर खात्री आहे की मला खोटं बोलता येत नाही. तिच्या या खात्रीवर आमचा संसार इतकी वर्षं सुखानं चालला आहे, मग तिला उगाच कशाला दुखवा? मित्रांना सांगावंसं दोन-तीनदा वाटलं. पण ते हसले असते, त्यांच्याबरोबर मीही हसलो असतो, आणि गोष्ट गमतीची होऊन बसली असती. ती गमतीची नाही. म्हणजे—आहे, थोडी. पण ती माझी लाज आहे, आणि तिच्यामुळेच माझं फार भलं झालं आहे. ही दोन्ही एकदम कशी सांगायची ते मला अजून कळलेलं नाही. तुम्ही माझ्या ताईला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे प्रयत्न करून बघतो.

आधी कॅसेटचं सांगतो. नव्वदीच्या सुरुवातीला मला बडोद्यात, सयाजीगंजात एका खासगी कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली. लग्न व्हायचं होतं, आई-वडील धडधाकट होते, आणि ऑफिसातून घरी जायच्या वाटेवर मनुभाईंचं कॅसेटचं दुकान होतं. तो काळच तसा होता. घरोघरी केबल आली आणि दर आठवड्याला कुणी नवा गायक, कुणी नवी गायिका, नवा अल्बम. गझला, भावगीतं, पॉप, सतार आणि ड्रम एकत्र वाजवलेलं काहीतरी. कव्हरवर तळ्याकाठी रेशमी कुर्ता घालून बसलेला एक माणूस असे आणि तो माझ्याकडेच बघतोय असं मला वाटे. मनुभाई नुसतं म्हणत, ‘साहेब, नवो माल छे,’ की माझा हात खिशात गेलाच.

आणि घरी येऊन ऐकावं तर—काय सांगू? टीव्हीवर दाखवलेलं एक गाणं बरं, बाकी सात नुसती भरती. खिचडीत एकच काजू, तोही वर दिसेल असा ठेवलेला. मी किती वेळा फसलो असेन? निदान तीस-चाळीस कॅसेट. शहाणा माणूस चौथ्या-पाचव्या कॅसेटनंतर थांबला असता. पण बडोद्यातल्या आमच्या मित्रमंडळीत मी गाण्याचा जाणकार म्हणून प्रसिद्ध होतो. कुणाला काही घ्यायचं असलं तर आधी मला विचारत. मग मी फसलो हे कुणाला सांगणार? ‘ऐकण्यासारखी आहे, पण सगळ्यांना झेपणार नाही,’ असं म्हणायचो. हे वाक्य मला फार वर्षं पुरलं.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला बडोद्यातच, गावाच्या दुसऱ्या टोकाला गोरव्याला दिली होती. भाऊजी तिथल्याच एका इंजिनिअरिंग कारखान्यात सुपरवायझर होते. माणूस कमी बोलणारा, सरळ. एका भाऊबीजेला मी त्यांच्याकडे निघालो आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं की ओवाळणीत घालायला काहीच घेतलेलं नाही. पिशवीत एक कॅसेट होती—आदल्या दिवशी घेतलेली, ऐकून वैतागून बंद केलेली. तीच ताटात घातली. सील फोडलेलं होतं. ताईनं डबी उघडली, कॅसेट उजेडात धरली. फीत मधेच होती. वापरलेली वस्तू बहिणीला ओवाळणीत घालतोय, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

ताईचा चेहरा मात्र उजळला. ‘अरे, तू ऐकून, गाणं लावून आणलंस माझ्यासाठी?’

मी म्हणालो, ‘हो.’

एवढंच. ‘हो.’ तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

त्यानंतर दर वर्षी तेच. वर्षभरातली सगळ्यात कंटाळवाणी कॅसेट मी भाऊबीजेसाठी बाजूला ठेवू लागलो. फीत गुंडाळून सुरुवातीला आणण्याचेही कष्ट घेत नव्हतो, कारण आता त्याची गरजच नव्हती. जिथे कंटाळून बंद केली तिथेच ती उभी असायची, आणि ताई नेमकी तिथूनच ऐकायची. ‘तू लावून दिलेलं गाणं’ असं म्हणायची ती. एकदा गाणं दुसऱ्या कडव्यात अर्ध्यावर थांबलं होतं. तर मला म्हणते, ‘तुझे डोळे भरून आले असतील, म्हणून पुढे ऐकवलं नसेल ना रे?’ त्या गाण्यात एक बासरी होती. ती बासरी मला सहन झाली नव्हती, एवढंच खरं. मी मान खाली घातली. तिनं त्याचाही चांगलाच अर्थ घेतला.

मला जी गाणी नकोशी झाली, नेमकी तीच ताईनं पाठ केली. भांडी घासताना, कणीक मळताना म्हणायची. तिचा गळा गोड आहे. तिच्या तोंडून ऐकताना मला कधीकधी वाटायचं—हे तेच गाणं? मग मी का बंद केलं होतं? गाणं ऐकायचं कसं, हे जर मला कुणी शिकवलं असेल तर ते ताईनं, तिच्या स्वयंपाकघरात, आणि तेही मीच टाकलेल्या गाण्यांवर. हे ऋण—नाही, मोठे शब्द नकोत. मला तिथे बरं वाटायचं.

मग भाऊजींचा कारखाना बंद पडला. त्या वर्षांत गोरव्यात तसे बरेच पडले. होळीच्या सुमारास भाऊजी एकदा माझ्या ऑफिसात आले, चहा घेतला, आणि जाता जाता म्हणाले, ‘तुमच्याकडे काही असेल तर बघा.’ त्या माणसानं आयुष्यात कुणापुढे शब्द टाकला नव्हता. मी म्हणालो, ‘बघतो.’

बघितलं नाही. हेही मला सांगायचंच होतं. आमच्या वाघोडियाच्या गोडाउनवर जागा होती, साहेबांशी दोन वाक्यं बोलायची होती. पण मेहुणा हाताखाली आला तर ऑफिसात लोक काय म्हणतील, उद्या काही बिनसलं तर घरात कटकट—असं काहीबाही मनात आणलं आणि गप्प बसलो. मग तोंड दाखवायची लाज वाटू लागली. म्हणून गोरव्याला जाणं बंद. आज काम आहे, उद्या बघू. राखीपौर्णिमेलाही गेलो नाही. ताईनं राखी पोस्टानं पाठवली. एकाच गावात, पोस्टानं! पाकिटात चिठ्ठी नव्हती.

भाऊबीज मात्र चुकवता येईना. एव्हाना कॅसेट मागे पडून सीडी आल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे एक पडेल सीडी उचलली—भावगीतांचा अल्बम, अडीच गाणी ऐकून ठेवून दिलेला—आणि गेलो. भाऊजी घरी नव्हते, की मुद्दाम बाहेर गेले होते, कोण जाणे. ताईनं ओवाळलं. ती वाळली होती. मी वीस मिनिटांत उठलो. स्कूटरला किक मारत होतो, तेवढ्यात ती बाहेर आली, हातात सीडी.

‘अरे, या तबकडीत फीत नाही. मग तू लावून दिलेलं गाणं मला कळणार कसं?’

तिच्या डोळ्यांत आठ महिन्यांचा राग असायला हवा होता. होता फक्त हा प्रश्न. मला तिथून निघायचं होतं. मी म्हणालो, ‘सात.’

सातच का? पाच का नाही? काही कारण नाही. तोंडात आला तो आकडा. सातवं गाणं मी ऐकलंच नव्हतं. कॅसेट निदान खरंच कुठेतरी थांबलेली असायची, तेव्हा खोटं अर्धंच माझं होतं. हे पूर्ण माझं.

चार दिवसांनी ऑफिसात फोन आला. ताई रडत होती. शेजारच्या मुलीच्या कॉम्प्युटरवर तिनं ते गाणं ऐकलं होतं, एकदा नव्हे, पाच वेळा. ‘कळलं मला,’ म्हणाली. ‘तोंडानं नाही बोलता आलं तुला, गाण्यातून बोललास. बस झालं आता. रविवारी जेवायला ये.’

मी फोन ठेवला आणि घाबरलो. मी काय बोललो होतो, ते मला माहीतच नव्हतं! तुमच्या बाबतीत असं कधी झालंय का, की तुम्ही कुणाची माफी मागितलीत आणि काय शब्दांत मागितलीत तेच तुम्हाला ठाऊक नाही? संध्याकाळी मनुभाईंकडे गेलो आणि तीच सीडी पुन्हा मागितली. आयुष्यात एक अल्बम दोनदा विकत घेतला, तो हा. मनुभाईंनी चष्म्यावरून बघितलं. ‘साहेब, आ तो तमे लई गया’ता ने? बहु गमी गई लागे छे!’ ही तर तुम्ही नेली होती ना, फारच आवडलेली दिसते, म्हणे.

घरी येऊन सातवं गाणं लावलं. सांगायला लाज वाटते, पण ते प्रेमगीत होतं. प्रियकर तिच्या दारात उभा आहे, यायला उशीर झाला म्हणतोय, पाय उचलत नव्हते म्हणतोय, रागावलीस का म्हणतोय. तिथवर ठीक. पुढच्या कडव्यात तिचे पैंजण आले, तिच्या केसांच्या बटा आल्या, चांदणं आलं. ताईनं या बटांचं आणि पैंजणांचं काय केलं असेल? तांदळातले खडे निवडावेत तसे निवडून टाकले असतील आणि उरलेलं गाणं माझ्या नावावर ठेवलं असेल. ती मला दर वर्षी म्हणायची, ‘माझ्यासाठी निवडून आणतोस.’ निवडत होती ती.

त्या गाण्यानं मला काय काय दिलं ते सांगतो, नाहीतर हा हिशेब अर्धा राहील. गोरव्याचं दार पुन्हा उघडलं. दर रविवार तिकडे जाऊ लागला. भाऊजींनी वाघोडियाला एका वर्कशॉपमध्ये स्वतःच काम शोधलं. त्यात माझा काडीचा हात नाही. माझे वडील हॉस्पिटलात होते तेव्हा हेच भाऊजी कामावरून सुटून रोज त्यांच्या उशाशी येऊन बसायचे, त्यांना गुजराती पेपर वाचून दाखवायचे. माझ्या मुलीला गाणं ताईनं शिकवलं. आज माझ्या घरात जे काही हसतं-बोलतं आहे त्यातलं निम्मं गोरव्याहून आलेलं आहे. मी कृतज्ञ आहे, मनापासून. आणि त्या सगळ्याच्या मुळाशी एक आकडा आहे, जो मी पळून जाता जाता फेकला होता. मी न मागितलेली माफी मला मिळाली आणि मी ती घेतली.

पण कबुली ही नाही. अजूनही मी आडवळणानंच चाललोय, नाही का? ‘हो’ म्हणालो तेव्हा गोंधळलो होतो. ‘सात’ म्हणालो तेव्हा पळत होतो. कबुली त्या पहिल्या रविवारची आहे.

त्या दिवशी सगळं सांगून टाकायचं ठरवूनच मी गेलो होतो. वाक्यही जुळवलं होतं—‘ताई, ते गाणं मी ऐकलं नव्हतं.’ सोपं वाक्य. दार भाऊजींनी उघडलं. ‘आवो, बेसो,’ म्हणाले, जणू मी मागच्याच आठवड्यात येऊन गेलो होतो. नोकरीचं अवाक्षर नाही. पानं वाढली, सेव-टमेटाची भाजी होती. ताई समोर बसली आणि म्हणाली, ‘एक विचारू? एवढ्या गाण्यांतून नेमकं ते शोधायला किती दिवस लागले रे तुला?’

वाक्य जिभेवर होतं. कुणी मला अडवलं नव्हतं. घाई नव्हती, भीती नव्हती. ती दोघंही मला घरात घेऊन बसली होती.

‘महिनाभर,’ मी म्हणालो.

आणि तेवढ्यावर थांबलो नाही. दुकानात तासन् तास उभा राहून एकेक सीडी ऐकली, मनुभाई वैतागले, शेवटी हे सापडलं—असं सगळं रंगवून सांगितलं. मला ते छान सांगता आलं.

ताई भाऊजींकडे वळली. ‘बघा,’ म्हणाली. ‘मी तुम्हाला सांगत नव्हते? तो विसरणाऱ्यातला नाही.’

म्हणजे होळीपासून ती रोज त्यांच्यापुढे माझी बाजू घेत होती. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली. मग स्वतः उठून दिवाळीच्या मोहनथाळाचा डबा आणला आणि मला दोन वड्या वाढल्या. मी दोन्ही खाल्ल्या.