न आठवणारी माय

आपल्याला जन्म देणारी बाई कोणी दुसरीच होती, हे रीताला कळलं ते साकोलीच्या एका लग्नात, पंगतीत बसून बुंदी खाताना. अकरा-बारा वर्षांची असेल तेव्हा. पंगतीतून फिरणारी एक म्हातारी तिच्यासमोर थांबली, हनुवटी धरून तिने तिचं तोंड वर केलं आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "हे भोजराजच्या पहिलीची ना वो? तोंड तर तिचंच हाय." शेजारणीने डोळे वटारले. म्हातारी पुढे सरकली.

दिघोरीला घरी आल्यावर रीताने कौशल्याबाईला विचारलं, "माय, पहिली म्हंजे कोन?"

कौशल्याबाई वांगी चिरत होती. तिचा हात थांबला. उत्तर दिलं ते बाहेर खाटेवर बसलेल्या बापाने, भोजराजने. "होती एक. तू दोन वर्साची होती तवाच वारली. तुले काही याद नाही ना? मंग झालं तर."

त्या घरात या विषयावर एवढंच बोलणं झालं. रीताला पुन्हा विचारावंसं वाटलं नाही असं नाही. पण कौशल्याबाईने तिच्यात आणि आपल्या पोटच्या लेकरांत कधी काडीचा फरक केला नव्हता. अशा बाईला दुसऱ्या आईबद्दल विचारणं म्हणजे तिच्या हातचं जेवून तिच्याच ताटाला लाथ मारणं, असं रीताला वाटायचं. कधी एकटी असली की ती डोळे मिटून बसायची, आत कुठे एखादा चेहरा, एखादा आवाज सापडतो का ते धुंडाळायची. काहीच सापडायचं नाही. ती बाई आपल्याला कधी भेटलीच नसावी, असंच तिने पुढे मनाशी धरलं.

लग्न होऊन ती लाखनीजवळच्या गावात आली. धानाची शेती, सासू-सासरे, दोन मुलं. मुलं शाळेत जायला लागली आणि दुपार मोकळी झाली, त्या सुमारास नागपूरहून रेणू मॅडम गावात यायला लागल्या. लहान लेकरांची स्मरणशक्ती कशी वाढते याचा त्या अभ्यास करत होत्या. पण त्यांना पाहिलं की अंगणवाडीतली लेकरं भोकाड पसरायची, आणि त्यांची पुस्तकी भाषा आयांना परकी वाटायची. गावातली, लेकरांत रमणारी बाई हवी होती. अंगणवाडीच्या ताईंनी रीताचं नाव सुचवलं.

काम ऐकायला पोरखेळासारखं होतं. आईच्या मांडीवर बसलेल्या लेकरासमोर रीताने एक लाकडी डबा ठेवायचा. रबरी बेडूक उचलून डब्याच्या झाकणावर बसवायचा, मग चमच्याने बाजूची छोटी घंटी वाजवायची. तोंडातून शब्द काढायचा नाही. लेकराने फक्त बघायचं, हात लावायचा नाही. महिनाभराने पुन्हा जाऊन त्याच वस्तू लेकरासमोर ठेवायच्या आणि ते काय करतं ते पाहत राहायचं. ज्यांना आधी काहीच दाखवलं नव्हतं अशाही काही लेकरांपुढे तो डबा मांडला जायचा.

"ज्याइले दाखवलंच नाही, त्याइले कायले देता मॅडम?" रीताने पहिल्या दिवशीच विचारलं.

"ती आपल्या मनानंच तसं करतात का, ते कळायला नको? नाहीतर आठवणीनं केलं की सहज केलं, कसं ओळखायचं?"

रीताला ते पटलं. बऱ्याच लेकरांनी बेडूक सरळ तोंडात घातला. काहींनी डबा फेकून दिला. पण एक लेकरू तिच्या कायमचं लक्षात राहिलं. अजून एक शब्द बोलत नव्हतं, चालायलाही नुकतंच लागलेलं. महिन्यापूर्वी एकदाच पाहिलेला डबा समोर येताच त्याने बेडूक उचलला, झाकणावर ठेवला, चमचा कुठे आहे म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि घंटीवर असा काही मारला की स्वतःच दचकलं. मग खुदकन हसलं. त्याची आई म्हणाली, "अवो, हे कोनं शिकवलं याले?"

परतताना रीता म्हणाली, "मॅडम, त्याले बोलता येत नाही, तरी याद हाय?"

"याहून लहान बाळांनाही असते. पाळण्यावरच्या खेळण्याची दोरी बाळाच्या पायाला बांधली, की पाय झाडला की खेळणं हलतं हे त्याला समजतं. काही दिवसांनी तेच खेळणं दिसलं, की दोरी नसतानाही ते पाय झाडू लागतं."

"मंग आपल्याले काहून काही आठवत नाही तवाचं?"

रेणू मॅडम चालता चालता थांबल्या. "यावर अजून सगळ्यांचं एकमत नाही. मेंदू घडत असतो, त्यामुळे आठवण तयार होते पण पक्की बसत नाही. तिला बांधायला शब्द नसतात. आणि चौथ्या-पाचव्या वर्षी मुलं बरंच सांगतात, पण पुढे त्यातलंही गळून जातं. ज्या घरात मुलांशी झालेल्या गोष्टींबद्दल बोलतात, त्या घरातली मुलं जास्त धरून ठेवतात, एवढं दिसतं."

त्या दिवशी संध्याकाळी रीताचं जेवणात लक्ष नव्हतं. आजवर ती समजत आली होती, की आपल्याला आई आठवत नाही म्हणजे ती आपल्याला कधी कळलीच नाही. आता वाटलं, दोन वर्षांची असताना आपण तिला ओळखत होतो. तिचा आवाज, तिचा हात, तिच्या अंगाचा वास, सगळं आपल्याजवळ होतं. मग ते गेलं. यात आनंद मानायचा की रडायचं, हे तिला ठरवता येईना. पण कधी नव्हतंच असं वाटणं वेगळं आणि होतं, हरवलं असं वाटणं वेगळं.

पुढच्या आठवड्यात ती दिघोरीला गेली. बाप शेतावर गेलेला. कौशल्याबाई उन्हात पाय पसरून बसली होती. आता तिचे गुडघे दुखत. रीताने तिच्या पायांना तेल लावायला घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "माय, तू आली तवा मी कशी होती?"

कौशल्याबाईला कळलं. तिने लुगडं गुडघ्याच्या वर सारलं. मग म्हणाली, "तू माह्यापाशी येतच नव्हती. मागच्या दारात बसून राहे आन् बांधाकडे पाहून 'माय, माय' करे. घरच्यायनं सांगून ठेवलं होतं, तिचं नाव काढाचं नाही, पोरगी इसरून जाईन. मी बी नाही काढलं. झोपताना तू माहा कान धराले पाहे. तिचा धरत असशीन. मले गुदगुल्या होत, मी हात काढून टाकत होती. तू पुन्हा धरे."

"मंग?"

"मंग एका दिवशी तू मलेच माय म्हटलं. मले लई खुशी झाली." ती थांबली. "आन् भेव बी वाटला. का इतक्यात इसरली हे? उद्या मी मेली, तर मले बी असीच इसरन."

रीता तेल लावत राहिली. तिच्या आईचं नाव यमुना होतं, ती गोरी होती आणि भात रांधताना गुणगुणायची, एवढं कौशल्याबाईने शेजाऱ्यांकडून ऐकलेलं होतं, तेही तिने त्या दिवशी सांगून टाकलं.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी रीताच्या घराशेजारी देवकन्या वारली. रीताच्या चुलत दिराची, कमलेशची बायको. कावीळ झाली आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं. मागे राहिली तीन वर्षांची गुंजन. कमलेशचं लाखनीला हायवेवर टायर-पंक्चरचं दुकान. तो दिवसभर तिकडे. पोरीला सांभाळायला त्याची आई, सत्यवतीकाकू.

सत्यवतीकाकूने तेच केलं जे पूर्वी दिघोरीत झालं होतं. देवकन्येच्या साड्या माहेरी पाठवल्या, फोटो पेटीत घातला, आणि गुंजनला सांगितलं, "माय साकोलीले गेली, बजाराले." पोरीने ते खरं धरलं. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला की हातातलं टाकून ती ओट्यावर धावायची. "आली का?" उतरलेली माणसं आपापल्या घरी जायची. ती पुन्हा आत यायची.

रीताला ते बघवेना. एका संध्याकाळी ती काकूकडे गेली.

"काकू, पोरीले खरं सांगा."

"काय सांगू? एवढ्याश्या जीवाले मरन सांगू?" सत्यवतीकाकूचा आवाज चढला. "इसरून जाईन ते. सारी पोरं इसरतात. तूच नाही का इसरली? तुह्यं काय बिघडलं?"

रीता ओट्यावर टेकली. खरंच, काय बिघडलं होतं? मग तिला शब्द सापडले.

"काही नाही बिघडलं काकू. खाऊनपिऊन मोठी झाली, माय बी चांगली भेटली. पन ते पहिली माय बी माही होती. आन् लोकायनं मले न इचारता ठरवलं, का हिच्यापाशी तिचं काहीच ठेवाचं नाही. तुमच्यापाशी तर सारं हाय अजून. गुंजनपाशी बी हाय. ते गेल्यावर मंग कोठून आनान?"

कमलेश दुकानातून आला होता. मोरीवर हात धुता धुता तो थांबला होता, कोपरापर्यंत काळे हात तसेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात गेला नाही. गुंजनला खांद्यावर घेऊन शेतातल्या बोडीवर, त्या छोट्या तळ्यावर गेला. देवकन्या तिला तिथेच पाण्यातले बगळे दाखवायला न्यायची. तिथे बसून त्याने सांगितलं, की माय मेली, आणि मेलेलं माणूस परत येत नाही.

"साकोलीवरून बी नाही?" गुंजनने विचारलं.

"नाही बेटा."

पुढचे काही आठवडे वाईट गेले. गुंजन जेवेना. अंगणवाडीत एका पोराला तिने कडकडून चावा घेतला. सत्यवतीकाकूने रीताशी बोलणं टाकलं. रस्त्यात समोर आली की पदर ओढून पुढे जायची. रीतालाही वाटायला लागलं, की आपण आपलं दुःख या लेकराच्या गळ्यात घातलं. तिने रेणू मॅडमना फोन केला.

"मी दुःखातली जाणकार नाही, रीता," मॅडम म्हणाल्या. "पण सांगितलं नसतं तरी ती रडलीच असती. एकटी रडली असती. आता तिच्याशी बोलत राहा. फक्त उत्तरं तिच्या तोंडात घालू नकोस."

ते शेवटचं रीताला चूक करूनच शिकावं लागलं. एकदा ती गुंजनला म्हणाली, "तान्ह्या पोळ्याले मायनं तुले लाल फेटा बांधून देल्ला होता ना?" "हो," गुंजन म्हणाली. "आन् तू लाडू खाल्ला होता ना?" "हो." रीताला जाणवलं, आपण काहीही विचारलं तरी ही हो म्हणेल. मॅडमच्या कामात लेकरांना बघताना ती जशी गप्प बसायची, तशीच ती आता बसली आणि एवढंच म्हणाली, "काय काय झालं वो तान्ह्या पोळ्याले?"

गुंजन जमिनीवर बोटाने रेघा ओढत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "नंदी पडला. माय हसली."

पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरतात, तो हा सण. पण नंदी पडल्याचं रीताला ठाऊक नव्हतं. कमलेशलाही नव्हतं, त्या दिवशी तो दुकानात होता. आपल्या मनानं सांगते की काय, असं रीताला वाटलं. तेवढ्यात आतून सत्यवतीकाकूचा आवाज आला.

"खरं हाय. चाक निंघालं होतं त्याचं." आणि मग काकू दारात येऊन उभी राहिली. डोळे पुसत म्हणाली, "देवकन्या हसून हसून खाली बसली होती. मीच ओरडली तिच्यावर, रस्त्यात बसते म्हून."

पेटीतला फोटो त्यानंतर भिंतीवर आला. काकू रीताशी बोलायला लागली, आधी तुटक, मग पूर्वीसारखी. बोलण्यात देवकन्या यायला लागली, जुन्या कुरबुरींसकट. "तुह्या मायले बी असंच मीठ जास्त लागे," असं काकू गुंजनला म्हणायची आणि पोरगी ते अभिमानाने ऐकायची.

आता गुंजन दुसरीत आहे. रेणू मॅडमचं काम कधीच संपलं. अधूनमधून त्यांचा फोन येतो. मॅडमनी मागे सांगितलं होतं तसंच झालंय. गुंजनच्या तोंडी पूर्वी असायच्या त्या कितीतरी गोष्टी गळून गेल्या. बोडीवरचे बगळे तिला आठवत नाहीत. काही राहिल्या. काहींचं तर सांगता येत नाही, की तिच्या स्वतःच्या आहेत की ऐकून ऐकून झालेल्या. रीता त्याचा फार विचार करत नाही. यमुनाचं गुणगुणणं तिनेही ऐकलेलंच सांगितलंय आपल्या मुलांना.

या उन्हाळ्यात कमलेशने दुसरं लग्न केलं. बायको पवनीकडची, रंजना नावाची, अबोल. लग्नाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी ती भाजी मागायच्या निमित्ताने रीताकडे आली आणि वाटी हातात धरून उभीच राहिली.

"वहिनी, एक इचारू? गुंजनपाशी तिच्या मायचं बोलू का नको? माही आई म्हनते, नको बोलू, तुलेच जड जाईन. आन् बोलाचं म्हटलं तर मले काहीच मालूम नाही तिचं."

रीताला दिघोरीचं मागचं दार डोळ्यांसमोर आलं. या वयाची, अशीच नवी, घाबरलेली कौशल्याबाई त्या दाराशी कशी उभी असेल, हे तिला पहिल्यांदाच नीट दिसलं.

"मालूम नाही तर तिलेच इचार ना," ती म्हणाली. "तिले सांगाले आवडते."

रंजनाने लगेच नाही विचारलं. दोन दिवसांनी, ओट्यावर गुंजनची वेणी घालताना विचारलं. रीता आपल्या अंगणात धान वाळवत होती, तिला ऐकू येत होतं.

"गुंजन, तुही माय कशी होती?"

"लई हसे," गुंजन म्हणाली. "माहा नंदी पडला तर रस्त्यातच बसली. पिवरी साडी होती तिच्या अंगावर."

"पिवरी साडी कोठं होती वो तिच्यापाशी?" आतून सत्यवतीकाकू ओरडली. "ते तुही मावशी नेसे!"

"नाही आजी, मायच होती! पिवरीच होती!"

"हिरवी होती. मीच घेऊन देल्ली होती, मले मालूम नाही का?"

"मान हलवू नको, वेणी सुटते," रंजना म्हणाली. "बरं, मंग? रस्त्यात बसली, मंग काय झालं?"