तसबिरींखालची माणसं

मध्यवर्ती बँकेच्या लांबलचक दालनात आजवरच्या सगळ्या गव्हर्नरांच्या तसबिरी ओळीने लावल्या आहेत. गव्हर्नर निवृत्त झाला की दुसऱ्या दिवशी भिंतीवर चढतो, अशी इथली रीत. काल मी शिडीवर उभा राहून जुन्या साहेबांची तसबीर टांगत होतो आणि खाली आमच्या विभागाचे तावडेसाहेब मित्राला सांगत होते, "बघ, भिंतीवर तरी गप्प बसेल म्हातारा!"

परवापर्यंत हेच गृहस्थ त्या म्हाताऱ्यासाठी लिफ्टचं दार धरून उभे असायचे. आंबलेल्या आमटीचा वास नाकात शिरावा तशी मला किळस आली. सातवीत शाळा सुटलेल्या, चंद्रपूरहून इतक्या लांब आलेल्या मला त्या म्हाताऱ्याच्याच शब्दावर इथं काम मिळालं. आता माझं कंत्राट वाढवायचं की नाही, ते तावडेसाहेबांच्या हातात आहे.

"काय रे, सरळ लागली का?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब."

आज नवे गव्हर्नर आले. पुष्पगुच्छ देताना तावडेसाहेब म्हणाले, "सर, बँकेच्या इतिहासात असं नेतृत्व पहिल्यांदाच लाभतंय." भिंतीवरच्या प्रत्येकाला कधीतरी कुणीतरी हेच सांगितलं असणार, आणि त्यांना ते खरंही वाटलं असणार. टाळ्या पडल्या. तावडेसाहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग मीही वाजवल्या, जरा जोरातच.