आरशावरचं कुंकू

ओल्या कुंकवाचा वास आला की मला माझी पहिली गाडी आठवते. घरातला पहिला पदवीधर मी, आणि चारचाकी घेणाराही पहिलाच. मंद्रूपला दारात पूजा करताना आईनं आतल्या आरशालाही कुंकू लावलं, ते नेमकं काचेखालच्या मसुराएवढ्या डोळ्यावर. मागून प्रखर उजेड आला की तो डोळा ओळखतो आणि आरसा आपोआप काळपट होतो, हे मला ठाऊक होतं. पण आईनं लावलेलं कुंकू पुसणं जिवावर आलं. वडिलांना शेजारी बसवून सोलापूरकडे निघालो तेव्हा अंधारून आलं होतं. कुंकवाखाली झाकलेल्या डोळ्याला मागच्या ट्रकचा उजेड कळलाच नाही; आरसा काळपट न होता तो थेट माझ्या डोळ्यांत घुसला आणि पुढे उभी असलेली उसाची ट्रॉली दिसलीच नाही. वडिलांचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. दवाखान्यात आई म्हणाली, "कुंकू लावलं म्हणून जीव तरी वाचला की रं." मी "व्हय" म्हणालो आणि खरं काय ते आजवर दोघांनाही सांगितलेलं नाही. परवा दुसऱ्या गाडीच्या पूजेला तिचं बोट पुन्हा आरशाकडे गेलं, तेव्हा मी तिचा हात धरला. "लावू दे की तिला," कुबडीवर उभे असलेले वडील म्हणाले. मी हात सोडला नाही.