बोलू द्या तिले

समोरच्याचं वाक्य त्याच्या आधी संपवणारा माणूस अख्ख्या छत्तीसगढमध्ये एकच झाला, आणि तो माझ्या नशिबी थोरला साडू म्हणून आला. आम्ही त्यांना साडभाऊ म्हणायचो. रायपूरच्या बूढापाऱ्यात तलावामागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि नोकरी एका सरकारी कचेरीत, आवक-जावकच्या टेबलावर. घाई त्यांच्या अंगात जन्मापासून होती. लग्नात अंतरपाट खाली यायच्या आधीच त्यांनी हार पुढे केला आणि तो भटजींच्या गळ्यात पडता पडता राहिला. नागपूरहून येताना दुर्ग सुटलं की हे सामान घेऊन डब्याच्या दारात उभे. नवीन राज्य होणार अशी नुसती कुजबुज सुरू झाली, तर यांनी दुसऱ्याच दिवशी सरकारी पाकिटांवरचं ‘मध्यप्रदेश’ खोडून ‘छत्तीसगढ’ लिहायला घेतलं. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. तो यांनी आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता, असं कचेरीतली मंडळी शपथेवर सांगत.

बोलताना तर त्यांच्यापुढे कुणाचा टिकाव लागत नसे. एकदा मी म्हणालो, “साडभाऊ, उद्या आम्ही जरा—” “नागपूरले चालले ना? संत्र्याची बर्फी आणजा.” आम्ही दातांच्या डॉक्टरकडे चाललो होतो. आठ दिवसांनी भेटले तेव्हा त्यांनी बर्फीची चौकशी केली आणि मी विसरलो म्हणून नाराजही झाले. माझी मोठी मेहुणी, म्हणजे आमची ताई, त्यांच्या अगदी उलट. शांत, हळू बोलणारी. ती “अहो, मी काय म्हणते” एवढंच म्हणायची. ती काय म्हणते ते पुढे हे सांगायचे.

राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, रस्त्यांवर लाल दिव्यांच्या गाड्या धावू लागल्या आणि त्याच धामधुमीत साडभाऊ रिटायर झाले. वर्षही उलटलं नसेल, ताईला लकवा झाला. उजवा हात-पाय गेला, आणि बोलणंही गेलं. शब्द डोक्यात असायचे, पण तोंडापर्यंत पोचायचे नाहीत. एखादा पोचायचाच तर निम्मा.

समता कॉलनीत लकवा झालेल्यांसाठी काम करणारी एक लहानशी संस्था होती. दर शनिवारी दुपारी एका दवाखान्याच्या तळमजल्यावर पेशंट आणि त्यांच्या घरची माणसं जमायची. थोडा व्यायाम, बोलण्याचा सराव, चहा, आणि एकमेकांना धीर देणं. बोलायला शिकवणारी एक तरुण मुलगी होती, तिला सगळे दीदी म्हणत. तिचा नियम एकच. “रुकिए. शब्द उनका है, उन्हीं को लाने दीजिए.”

अशा ठिकाणी साडभाऊंना नेणं म्हणजे काय, याची आम्हाला पहिल्याच शनिवारी कल्पना आली. पुरानी बस्तीतले एक वयस्कर कापड-दुकानदार खुर्चीत बसून जिवाच्या आकांतानं “पाँ... पाँ...” करत होते. साडभाऊ त्यांच्यासमोर उभे. “पानी? अरे, पानी लाओ!” पाणी आलं. म्हाताऱ्यांनी मान हलवली. “पान? पान खायेंगे?” पानही आलं. “पाँच? पाँच बजे जाना है?” शेवटी दीदी धावत आली आणि तिनं साडभाऊंना दोन्ही खांद्यांना धरून मागे सारलं. ते त्या म्हाताऱ्याच्या पावलावर उभे होते.

“अंकल,” दीदी हात जोडून म्हणाली, “आप शनिवार को बाहर बरामदे में बैठिए. चंदे का काम आज से आपका.”

आणि इथे मात्र त्या अवगुणाचं सोनं झालं. संस्थेला एक गाडी हवी होती, बुटक्या पायरीची आणि रुंद दाराची. कारण निम्मे पेशंट गल्लीबोळांतून येऊच शकत नव्हते. आमच्या ताईलाही रिक्षात चढवायला दोन माणसं लागायची. साडभाऊ वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन बाजारात उतरले. दुकानदार म्हणायचा, “भैया, इस महीने तो जरा—” “जरा ज्यादा? भगवान भला करे!” आणि पावतीवर नाव लिहून मोकळे. पुढे पुढे त्यांना लांबून पाहताच दुकानदार नकाराचं अख्खं वाक्य मनात जुळवून ठेवत आणि एका श्वासात म्हणून टाकायला बघत. तरी साडभाऊ पहिल्या दोन शब्दांतच त्यांना गाठायचे.

एका शनिवारी मी गेलो तर ते बरामद्यात स्टुलावर बसले होते. आत ताईचा सराव चालला होता. मी म्हणालो, “साडभाऊ, दीदीला सांगून तुम्हाला आत—” आणि थांबलो. त्यांनी माझं वाक्य पुरं केलं नाही. मला काळजीच वाटली.

“त्या दिवशी सकाळी ती ओट्यापाशी उभी होती, भाऊ,” ते दाराकडे बघत म्हणाले. “म्हणे, ‘अहो, माझा हात...’ मी म्हटलं, ‘हात रिकामा नाही ना? राहू दे, दूध मी आणतो.’ अन् पिशवी घेऊन निघालो. चौकात गप्पा ठोकत बसलो. अर्ध्या तासानं आलो, तं खाली पडून होती.” मग म्हणाले, “हात उचलून नाही राहिला, एवढंच सांगायचं होतं तिले. मी काहून नाही थांबलो?”

मी दुसरं स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसलो.

गाडीसाठी संस्थेनं रायपूरच्या मराठी मंडळींसाठी एक कार्यक्रम ठेवला. पेशंटपैकी कुणीतरी स्टेजवर बोलावं, असं ठरलं आणि दीदीनं ताईचं नाव घेतलं. साडभाऊ उसळले, “काहून तिचे हाल करता?” पण ताईनं मान डोलावली होती. दोन वाक्यं ठरली. “संस्थेनं मला बोलायला शिकवलं. आपण मदत करा.” घरी रोज सराव सुरू झाला आणि साडभाऊ समोर तोंडात पाण्याची गुळणी धरून बसू लागले. मध्येच शब्द सुटू नये म्हणून. गाल फुगलेले, डोळे वटारलेले. त्यांचा तो अवतार बघून ताईला हसू फुटायचं आणि सराव तिथेच संपायचा.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. ताई काठी टेकत माईकपाशी गेली. साडभाऊ माझ्या शेजारी, माझं मनगट पकडून. ताई म्हणाली, “हे...” आणि गप्प झाली. हे काही ठरलेलं वाक्य नव्हतं. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. पुढच्या रांगेतल्या एका बाईंना राहवेना. त्या कळवळून म्हणाल्या, “हे लोक चांगले आहेत, असं ना?” साडभाऊ ताडकन उठले.

“थांबा हो! बोलू द्या तिले.”

असं म्हणून ते खाली बसले. त्यांची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

“हे...” ताई साडभाऊंकडे बोट करून म्हणाली, “दिवसभर... घरी... असतात.” पुन्हा बराच वेळ गेला. “मले... बाहेर... जायचं आहे. गाडी... द्या.”

हसण्याचा असा गडगडाट मी त्या सभागृहात पुन्हा कधी ऐकला नाही. सगळ्यांत मोठ्यानं साडभाऊ हसत होते आणि बाहीनं डोळे पुसत होते. महिना-दीड महिन्यात गाडी आली. जुनीच होती, पण पायरी बुटकी होती.

आता ती दोघं नागपूरला लेकीकडे असतात. मी फोन केला की ताई उचलते. साडभाऊ शेजारी बसलेले असतात, एवढं त्यांच्या खोकण्यावरून कळतं. ताईचं एक वाक्य पुरं व्हायला अजूनही वेळ लागतो, पण मोठी तिरकस बोलते ती. मागच्या आठवड्यात तिनं जावयानं नव्यानं ठेवलेल्या मिशांविषयी असं काही सांगितलं की हसता हसता माझ्या हातून फोन निसटला. नंतर मी बायकोला विचारलं, “ताई अशी कधीपासून बोलायला लागली?”

“कधीपासून म्हणजे?” ती म्हणाली. “लहानपणी साऱ्या घराले हसवायची ती.”

वीस-बावीस वर्षं मी त्यांच्या घरी जेवायला जात होतो. मला हे माहीतच नव्हतं.