सगुणाचा बसलेला पाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही. देवापुढे रोज म्हणते, माझ्या अपराधाची क्षमा कर — पण कुठला अपराध, ते नाव काही घेत नाही. त्याला ठाऊक आहे म्हणून? की उच्चारलं तर माझ्याच कानांना ऐकू येईल म्हणून? तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे.

धुळ्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीत लहानथोर सगळे मला अक्का म्हणत. मिशनच्या मडमसाहेबांनी सुरू केलेली बायकांची सभा दर गुरुवारी माझ्या ओसरीवर भरे. विषय एकच — ख्रिस्ती घर कसं असावं. घरात आवाज चढवू नये, सुनेला लेकीसारखं वागवावं, आजचा राग उद्यावर नेऊ नये. मी अशी काही बोलायची की बायका पदरानं डोळे पुसत. मला माझं बोलणं फार आवडायचं. घरी गेल्यावर त्या आपापल्या सुनांशी कशा वागत, देव जाणे. माझ्या घरात काय चाललंय ते मात्र त्यांना कधी कळलं नाही.

आणि माझा पाव! तो मला मडमसाहेबांनी शिकवला. बाजारातले पाववाले ताडी घालून पीठ फुगवत. चर्चमध्ये ख्रिस्ताच्या आठवणीत पाव मोडून वाटतात, त्या प्रभुभोजनाच्या मेजावर ताडीचा पाव कसा चालेल? म्हणून आम्ही बटाटा उकडून, त्यात साखर आणि पीठ घालून खमीर धरायचो आणि ते बरणीत लहान पोरासारखं जपायचो. घासलेटच्या डब्याची भट्टी, खाली निखारे, वर निखारे. अकरा वर्षं मेजावरचा पाव माझ्या हातचा होता. पाळकसाहेब तो मोडत तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले असत. माझे उघडे. मऊ तुटतो की नाही, ते मी बघत असे.

सभेत मी आणखी एक गोष्ट सांगायची. ती मडमसाहेबांची नव्हे, माझ्याच मनची. पाप लपवलेल्या बाईच्या हातचं पीठ फुगत नाही, असं मी ठासून सांगायची. बायका भाबड्या, खरं मानत. का सांगत होते मी असलं काही? ज्यांचा पाव बसायचा त्यांची तोंडं एवढीशी व्हायची — ते बघायला मला बरं वाटायचं. झालं, हे एक बोलून टाकलं.

आता सगुणा. माझी सून. मुलगा यशवंत मिशनच्या शाळेत मास्तर. त्याला मीच ती करून आणली. धरणगावाकडची, कापूस पिकवणाऱ्या घरातली. त्या घरातून एकट्या तिच्या बापानं बाप्तिस्मा घेतलेला, बाकी भाऊबंद होते तसेच राहिले. पोर सावळी, किरकोळ अंगाची, आणि हसरी — इतकी हसरी की मला राग यायचा. चुलीपाशी हसायला काय झालं? मी तिला पाव शिकवला. पहिल्या वर्षी तिनं तो जाळला, तेव्हा मी तिच्यावर फार माया केली. दुसऱ्या वर्षी तिचा पाव माझ्यापेक्षा चांगला व्हायला लागला.

एकदा मडमसाहेब चहाला आल्या. तुकडा तोंडात घातला आणि म्हणाल्या, अक्का, आज तुमचा हात फारच चांगला लागला आहे. यशवंत कौतुकानं सांगून बसला की पाव सगुणानं केलाय. मडमसाहेब हसल्या. या ईस्टरला प्रभुभोजनाचा पाव सगुणालाच करू दे, म्हणाल्या. तुम्ही थकला असाल. थकले! चव्वेचाळीस वर्षांची होते मी. मी सगुणाला जवळ घेतलं, सगळ्यांसमोर तिचा मुका घेतला.

ईस्टरच्या आधी शुक्रवारी मी एक पाव भाजला. घरी खायला, म्हणाले. फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला.

शनिवारी दुपारी सगुणा विहिरीवर गेली. चुलीवर चहाचं आधण उकळत होतं. खमिराला मनगटाला सोसेल एवढंच कोमट पाणी चालतं, त्याहून ऊन पाण्यानं ते मरतं — मडमसाहेबांनी मला शिकवलेला हा पहिला धडा. तुम्हाला कळलंच असेल. नाही, तरी मलाच सांगितलं पाहिजे. मी बरणीचं झाकण काढलं आणि ते आधण खमिरावर ओतलं. ढवळलं. निवल्यावर वरून थोडं पीठ कालवून ठेवलं, म्हणजे दिसायला पहिल्यासारखं दिसावं. मग चहाला दुसरं पाणी ठेवलं.

तिनं पीठ भिजवलं, ओलं फडकं घातलं. दर घटकेला फडकं उचलून बघायची. परात उन्हात नेली, मग चुलीजवळ आणली, मग स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली. पीठ जसंच्या तसं. मी समोर तांदूळ निवडत होते. ती एरवी माझ्याशी शुद्ध बोलायची, पण घाबरली की माहेरची बोली तोंडात यायची.

“आत्या, मन्हं काय चुकनं?”

“ते तुझं तुलाच ठाऊक, सगुणा,” मी म्हटलं.

तो पाव विटेसारखा झाला. रविवारी मेजावर माझा कपाटातला पाव गेला, आणि अक्कांची दूरदृष्टी बघा, असं बायका म्हणाल्या. सगुणाबद्दल मला एक शब्दही बोलावा लागला नाही. अकरा वर्षं जे पेरलं होतं, ते प्रत्येकीच्या डोक्यात उगवलेलं होतं. तिच्या शेजारची जागा त्या दिवशी रिकामी राहिली.

गुरुवारपर्यंत ती पोर अर्धी झाली. मग आपण होऊन पाळकसाहेबांकडे गेली, मी सोबत. तिनं सांगितलं — गेल्या श्रावणात ती काकांकडे धरणगावला गेली होती. रविवारी त्यांच्याकडे कानबाई, त्यांची कुळदेवी, बसली होती. कानबाईचा रोट, म्हणजे प्रसादाची जाड पोळी, घरच्या माणसांनीच खायचा असतो, परक्याला देत नाहीत. आजीनं तिला बाजूला नेलं, पदराआडून अर्धा रोट हातात ठेवला. “खाई ले माय, तू आमनीच शे,” म्हणाली. मूर्तीपुढचा प्रसाद आम्हा ख्रिस्ती माणसांना वर्ज्य, तरी ही चर्च चुकवून म्हातारीपाशी बसली आणि खाल्लं. तिला वाटलं होतं, आजीचं मन मोडू नये एवढंच त्यात आहे. पण देवानं पिठातून दाखवून दिलं, असं म्हणून ती रडायला लागली.

एका म्हातारीच्या मायेचा घास. एवढंच होतं तिचं पाप. आणि मी खुर्चीवर बसून होते. तेव्हाच बोलले असते तर काय गेलं असतं माझं? गुरुवारची सभा गेली असती. पाव गेला असता. मी उठले, तिला पोटाशी धरलं आणि तिच्याबरोबर रडले. अक्कांचं मन केवढं, असं पाळकसाहेब नंतर मडमसाहेबांना म्हणाले.

पुढच्या रविवारी तिला चर्चमध्ये उभं केलं. वर्षभर प्रभुभोजन बंद, बसायची जागा मागच्या चटईवर. यशवंत मास्तर माणूस, त्याला शरमेनं मान वर करवेना. तो तिच्याशी बोलायचा बंद झाला. ताटावर बसायचा, जेवायचा, उठायचा. मी सभेत क्षमेवर बोलले. ती दाराशी बसून ऐकत होती.

वर्ष संपलं, मंडळीनं तिला परत घेतलं. पण तिनं स्वतःला घेतलं नाही. पावाची थाळी समोर आली की ती पुढच्या बाईकडे सरकवायची. नऊ वर्षं. गव्हाच्या पिठाला हात लावला नाही. ज्वारीच्या भाकरी थापायची, त्यासुद्धा मला विचारून. हसणं तर केव्हाच गेलं होतं. घर शांत झालं. आणि — खरं तेच सांगते — मला ती शांतता आवडली.

मग तिला विषमज्वर झाला. एकविसाव्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन यशवंतशी हळू आवाजात बोलले. मी आत तिच्यापाशी होते. दुपारची वेळ, ती पूर्ण शुद्धीवर.

“आत्या, देवनी माले माफ करं व्हई का?”

एक वाक्य पुरलं असतं. पाणी उकळतं होतं, सगुणा, आणि ते मी ओतलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिनं ते कुणाला सांगितलं नसतं, सांगायला ती उरणारही नव्हती. तरी मला भीती वाटली — तिच्या नजरेची. मरणाऱ्या पोरीनं माझ्याकडे तसं बघू नये, म्हणून मी गप्प राहिले.

“प्रार्थना कर,” मी म्हटलं.

तिनं हात जोडले आणि त्या पावाची क्षमा मागितली. एवढ्या दिवसांच्या तापानं शब्द अडखळत होते, तरी पूर्ण मागितली. तिच्या जोडलेल्या हातांवर मी माझे हात ठेवले आणि आमेन म्हटलं.