तीन कोटेशनांचा लॅपटॉप

आजवर मी बरीच यंत्रं विकत घेतली, पण फाइल एकाच यंत्राची झाली. फाइल म्हणजे खरी फाइल. पुठ्ठ्याची, पांढऱ्या नाडीची, वर ठळक अक्षरांत ‘विषय: लॅपटॉप खरेदी’ असं लिहिलेली. खरेदी करणारा मी, पैसे माझे, वापरणारा मीच. तरीही त्या खरेदीला मंजुरी लागली, आणि ती मिळेपर्यंत माझी दिल्लीतली भाकरी जवळजवळ हातची गेली होती.

एकविसावं शतक नुकतंच लागलं होतं आणि नोएडात ते सेक्टराच्या नंबरांनी येत होतं. मी राहायचो तो सेक्टर अर्धा बांधून झाला होता. गच्चीवरच्या माझ्या खोलीच्या खिडकीतून रिकामे प्लॉट, सळयांचे ढीग आणि लांबवर काचेची एक इमारत दिसायची. त्या इमारतीत आठ माणसांची एक सॉफ्टवेअर कंपनी होती आणि त्या आठांत मी होतो. एका बुधवारी मालकांनी सगळ्यांसाठी समोसे मागवले. आमच्या मालकांनी कधी पाण्याचा जगही मागवला नव्हता, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. समोसे संपले आणि कंपनीही संपली.

माणूस मात्र भला. अमेरिकेतल्या एका ओळखीच्या माणसाला त्याने माझं नाव सांगितलं. त्यांना घरबसल्या काम करणारा प्रोग्रामर हवा होता. अट एकच: मशीन स्वतःचं हवं, आणि त्यावर त्यांचा सगळा प्रोग्राम अर्ध्या तासाच्या आत बिल्ड झाला पाहिजे. म्हणजे लिहिलेल्या हजारो ओळी एकत्र करून त्यांचं चालतं सॉफ्टवेअर तयार व्हायला हवं. त्यांनी कोड आणि बाकीची हत्यारं एका सीडीवर घालून कुरियरने पाठवली. पुढच्या महिनाअखेरपर्यंत जमलं तर काम माझं, नाहीतर दुसऱ्या कोणाचं.

आणि दुसऱ्या कोणाचं झालं, तर मी सांगलीला. वडिलांनी तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. ‘तुझी खोली तशीच ठेवली आहे,’ असं ते फोनवर इतक्या आनंदाने सांगायचे की मला घाम फुटायचा. दिल्लीला निघताना मी आळीत पेढे वाटले होते. पेढे वाटून गेलेला माणूस परत येतो तेव्हा आळी काही विचारत नाही, फक्त बघते.

तसं दिल्लीत तरी माझं कोण होतं? आठांतले सात पांगले. काही दिवस तर असे जायचे की दिवसभरात माझ्या तोंडून निघालेलं एकमेव वाक्य बसच्या कंडक्टरला सांगितलेलं उतरायचं ठिकाण असे. मग तेच मी जरा अभिनय करून सांगू लागलो. एक दिवस गंभीर, एक दिवस लाडिक, एक दिवस राजदूतासारखं. कंडक्टरने एकदाही मान वर केली नाही.

अशा वेळी वडिलांनी त्यांच्या कॉलेजातल्या खोलीसोबत्याकडे जायला सांगितलं. काका केंद्र सरकारात होते, लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर होतं, आणि बत्तीस वर्षं ते खरेदी विभागातच होते. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी बंगलोरला. निवृत्तीला सहा महिने उरले होते. मी पहिल्या रविवारी गेलो तेव्हा त्यांनी इस्त्रीचा शर्ट घालून दार उघडलं. घरात दुसरं कोणी नव्हतं आणि कोणी येणारही नव्हतं, तरी शर्ट इस्त्रीचा होता. मी म्हटलं, मला लॅपटॉप घ्यायचाय. काकांच्या चेहऱ्यावर दिवा लागला.

“बजेट हेड कुठलं?” त्यांनी विचारलं.

“माझं बचत खातं.”

“अच्छा. म्हणजे निधी उपलब्ध आहे.”

मग त्यांनी मला बसवून पद्धत समजावली. आधी लेखी स्पेसिफिकेशन. मग तीन वेगवेगळ्या फर्मची कोटेशनं, बंद पाकिटात. मग तुलनात्मक तक्ता. मग ज्याचा दर सर्वात कमी त्याला ऑर्डर. मी दबकत म्हटलं की सरळ दुकानात जाऊन चांगला दिसेल तो घेतला तर नाही का चालणार. ते म्हणाले, अरे, त्याला खरेदी म्हणत नाहीत, त्याला हौस म्हणतात.

पुढच्या शनिवारी मी नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. एका तळघरातल्या दुकानात लॅपटॉप भाजीसारखे रचून ठेवले होते. दुकानदाराने पहिला काढला तो चकचकीत, नवाकोरा, झाकणावर प्रोसेसरचा मोठा आकडा. मी सीडी घातली, बिल्ड सुरू केला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिलो. प्रोसेसर जोरदार होता, पण मेमरी तुटपुंजी. त्यामुळे बिचारा प्रत्येक गोष्ट हार्ड डिस्कवर नेऊन ठेवत होता आणि परत आणत होता, आणि आतून जातं फिरावं तशी घरघर येत होती. दुकानदाराचं जेवण झालं, हात धुऊन झाले, तरी बिल्ड चालूच. पंचेचाळीस मिनिटांनी मी थांबवला.

दुसरा काढला तो वापरलेला. परदेशातल्या कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेला. काळा, जाड, विटेसारखा वजनदार, कीबोर्डवरची निम्मी अक्षरं बोटांनी पुसून गेलेली. प्रोसेसर एक पिढी जुना, पण मेमरी पहिल्याच्या दुप्पट. बिल्ड एकोणीस मिनिटांत झाला. किंमत माझ्या आवाक्यात. दुपारचा एक वाजला होता आणि मला काय घ्यायचं ते ठरलं होतं.

समंजस माणसाने इथेच पैसे मोजले असते. पण माझ्या मनात आलं, आज घेतला तर उद्या रविवारी काकांकडे काय घेऊन जायचं?

मी दुकानदाराला म्हटलं, कोटेशन हवं. त्याने मला खालून वर पाहिलं आणि खुर्ची पुढे केली.

“गव्हर्नमेंट का काम है, सर जी?”

मी नाही म्हटलं नाही. हो असंही म्हटलं नाही. फक्त मान अशी हलवली की तिच्यात एक अख्खं मंत्रालय मावेल.

“तो तीन चाहिए होंगे,” तो म्हणाला. खण उघडून त्याने तीन निरनिराळ्या फर्मची लेटरहेडं काढली. तिन्ही त्याचीच, एक बायकोच्या नावाची आणि एक मेव्हण्याच्या. एकाच पेनाने तिन्ही भरली, स्वतःच्या दुकानाचा दर सर्वात कमी ठेवला, तीन पाकिटं डिंकाने चिकटवली आणि माझ्या हातात दिली. इतकी टापटीप लबाडी मी त्याआधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकांनी चष्मा लावून ती पाकिटं सुरीने उघडली. पट्टीने रेघा मारून तक्ता आखला. मी समोर बसून श्वास रोखला होता. तिन्ही कागद बराच वेळ वाचून ते म्हणाले, वजन दिलेलं नाही. खुलासा मागव.

मी खुलासा मागवला. पुढच्या रविवारी बॅटरीचा प्रश्न निघाला. त्याच्या पुढच्या रविवारी झाकणाच्या बिजागरीचा, आणि तो खरं सांगायचं तर मीच काढला. काका म्हणाले, बरोबर, हा मुद्दा राहिलाच होता, आणि त्यांनी तो टिपणीत घेतला. मधल्या वेळात चहा व्हायचा. काका कुठल्याशा खात्यासाठी घेतलेल्या चारशे पंख्यांची कथा सांगायचे, ज्यांतला प्रत्येक उलटा फिरत होता. मी नेहरू प्लेसच्या दुकानदाराची नक्कल करायचो. त्याचा मेव्हणा वगळून, अर्थातच. काका हसायचे. त्या घरात बरेच दिवसांत कोणी हसलं नसावं, कारण सराव नसल्यासारखा त्यांना प्रत्येक वेळी ठसका लागायचा.

महिना मात्र संपत होता. अमेरिकेतून मेल आली की मशीनचं काय झालं, आम्हाला बुधवारी रात्रीपर्यंत कळायला हवं. शनिवारी दुकानदार म्हणाला, सर जी, हा पीस एकच आहे, सोमवारी दुपारी दुसरी पार्टी येणार आहे, तुमच्या ऑफिसाला सांगा. माझं ऑफिस रविवारी सकाळी अकराला उघडायचं.

मी काकांकडे गेलो तो ठरवून, की आज सगळं सांगायचं आणि उद्या घ्यायचा. बसमध्ये तीनदा वाक्य जुळवलं. आणि काकांनी इस्त्रीच्या शर्टात दार उघडल्यावर माझ्या तोंडून निघालं ते असं, “काका, चार्जरचा प्लग दोन पिनांचा की तीन, ते कोटेशनात कुठेच नाही.”

आत जाऊन त्यांनी फाइल आणली, तिन्ही कोटेशनं टेबलावर शेजारी शेजारी मांडली.

“महिनाअखेर कधी?”

“बुधवारी.”

“आणि तू मला प्लग सांगतोयस.”

मी खाली बघितलं. त्यांनी बोट एका कागदावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर नेलं.

“हे तिन्ही एकाच हाताने लिहिलेत. शाई एक, हात एक, डिंकसुद्धा एक. पाकिटं उघडली त्याच दिवशी दिसलं मला. अरे, बत्तीस वर्षं मी दुसरं काय बघितलंय?”

“मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

काकांनी चष्मा काढून पुसला. “बोललो असतो तर फाइल तिथेच बंद झाली असती, यार.”

काकांनी मला यार म्हटलं ते तेवढं एकदाच. मग त्यांनी पेन उघडलं, तक्त्याखाली ‘खरेदीस मंजुरी’ असं लिहिलं, सही केली, तारीख घातली, नाडी बांधली आणि फाइल माझ्या हातात दिली. म्हणाले, उद्या दुकान उघडायच्या आधी जाऊन उभा राहा. आणि पुढच्या रविवारी येऊ नकोस, तुला काम असेल.

सोमवारी मी शटर वर जाण्याआधी हजर होतो. पैसे देताना दुकानदाराला खरं सांगून टाकलं की सरकार वगैरे कोणी नाही, जो काही आहे तो मीच. त्याने कपाळावर हात मारला आणि किंमत चक्क उतरवली. सरकारी भाव वेगळा असतो म्हणे. आधी बोलायचं होतं. खोलीवर येऊन बिल्ड लावला. एकोणीस मिनिटं. मेल पाठवली, मंगळवारी उत्तर आलं: गुरुवारपासून सुरुवात कर.

मी खोलीत एकटाच नाचलो. नाचून झाल्यावर लक्षात आलं की सांगायला कोणी नाही, म्हणून वडिलांना फोन केला. ते छान म्हणाले. पण ते छान म्हणण्याआधी जरा थांबले, आणि तेवढ्यात सांगलीतल्या एका खोलीचं दार बंद झालेलं मला ऐकू आलं.

मी दिल्लीत राहिलो. जे हवं होतं ते मिळालं. आता कंडक्टरलाही ठिकाण सांगावं लागेना, कारण बसमध्ये चढायचंच कारण उरलं नाही. अमेरिकेतला माणूस सभ्य होता आणि दोन ओळींपलीकडे लिहीत नसे. मी त्या विटेवर दिवसभर टकटक करायचो, आणि संध्याकाळी खिडकीबाहेर बघितलं की समोरच्या इमारतीचा एक मजला वाढलेला असायचा. त्या मजल्यावरच्या मजुरांना मी हात करायचो. त्यांतला एक कधी कधी परत करायचा.

तिसऱ्या रविवारी मी लक्ष्मीबाई नगरात गेलो. हातात काही नव्हतं, मनात प्रश्न नव्हता. काकांनी दार उघडलं.

“काय रे, बिघडला का?”

“नाही. चांगला चालतोय.”

“मग?”

आम्ही आत जाऊन समोरासमोर बसलो. चार रविवार अखंड बडबडणारे आम्ही दोघं, टेबलावर कागद नाहीत म्हटल्यावर पाहुण्यांसारखे अवघडलो. त्यांनी मेमरीबद्दल विचारलं, मी पुरेशी आहे म्हटलं. मी मुलीबद्दल विचारलं, ते बरी आहे म्हणाले. मग दोघांनी मिळून पंखा बघितला. तो सुलटा फिरत होता, म्हणून त्याच्याविषयीही बोलण्यासारखं काही नव्हतं. मला एखादी नक्कल करता आली असती. केली नाही. अर्ध्या तासाने मी उठलो.

काका दारापर्यंत आले. कडीवर हात ठेवून म्हणाले, “रविवारी मी हल्ली दाढी उशिरा करतो. अकराच्या आधी येऊ नकोस.”

पुढच्या रविवारी मी पावणेअकरालाच पोहोचलो आणि पंधरा मिनिटं खाली झाडाजवळ उभा राहिलो.