दाखलवहीतला ‘स्थिती’चा रकाना

पुण्याहून पाच खोकी येणार होती. चारांत कादंबऱ्या, काही दिवाळी अंक आणि दोन कोश. पाचव्यात मोठ्या अक्षरांची साठ बालपुस्तकं. ही साठ पुस्तकं आमच्या ग्रंथपालबाईंनी दोन वर्षं समितीच्या मागे लागून मंजूर करून घेतली होती. जामबाग भागातल्या आमच्या वाचनालयात दर रविवारी त्या मुलांना मराठी वाचायला शिकवणार होत्या. मुलं नोकरदार घरांतली. घरी मराठी बोलणारी, शाळेत तेलुगू आणि इंग्रजी, आणि मराठी पान समोर आलं की पहिल्याच जोडाक्षराशी थांबणारी. पंधरा जणांची नावं आली होती.

खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी या मालाचा वाहतूक विमा उतरवायचं ठरवलं तेव्हा समितीत हशा झाला.

“पुस्तकं आहेत हो, काचेची भांडी नाहीत,” कुणीतरी म्हणालं.

“ट्रकला ते ठाऊक नसतं,” खजिनदार म्हणाले, आणि विमा उतरवला.

अफझलगंजच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून माल सोडवायला समितीतर्फे मी गेलो. पाचवं खोकं तळाशी ओलं होतं आणि त्याला फिनाईलचा वास येत होता. ट्रकमध्ये शेजारी फिनाईलचे डबे होते, त्यातला एक गळला होता.

“बाहरइच गिरा साब, अंदर कुछ नै हुआ,” तिथला कारकून म्हणाला.

एक खोकं तळाशी ओलं आहे आणि वास येतो आहे, असं मी पावतीवर लिहिलं आणि त्याची सही मागितली. “किताबां ले जा रै कि पंचनामा कर रै?” असं म्हणत त्यानं ती केली.

वाचनालयात पोचेपर्यंत सहा वाजले होते. बाईंचा एक नियम होता. आलेलं पुस्तक त्याच दिवशी दाखलवहीत चढलं पाहिजे. नोंद उद्यावर टाकायची नाही. चार खोकी उघडून त्यांनी नोंदी केल्या. पाचव्याचा वास खोलीत सहन होईना, म्हणून ते व्हरांड्यात ठेवलं आणि त्यातली पुस्तकं विक्रेत्याच्या यादीवरून चढवली. दाखलवहीत शेवटून दुसरा रकाना ‘स्थिती’चा असतो. त्यात पहिल्या ओळीत ‘चांगली’ आणि खाली वरीलप्रमाणेच्या खुणा, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. साठ ओळी तशाच भरल्या गेल्या.

सकाळी खोकं उघडलं. तळाच्या थरांतली पुस्तकं एकमेकांना चिकटून एकेक वीट झाली होती. चित्रांचे रंग मजकुरात उतरले होते. खजिनदारांनी त्याच दिवशी विमा कंपनीला कळवलं. पुस्तकं पुन्हा मागवण्याइतकी तरतूद त्या वर्षी उरली नव्हती. क्लेम मंजूर झाला तर वर्ग, नाहीतर नाही, हे बाई, खजिनदार आणि मी, तिघांनाही माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी नुकसान पाहायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. मध्यमवयीन, तेलुगू भाषक, आमच्याशी बोलताना दखनीत बोलणारा. त्यानं फोटो काढले, एकेक पुस्तक उघडून पाहिलं. आठ पुस्तकं वाचण्याजोगी आहेत, बावन्न गेली, असं त्यानं लिहून घेतलं. पावतीवरचा शेरा वाचून त्यानं मान हलवली. मग पुस्तकं वाचनालयाचीच आहेत याचा दाखला म्हणून दाखलवही मागितली. पान उलटता उलटता त्याचं बोट त्या रकान्यावर थांबलं.

“ये क्या लिखे इधर?”

“वो छपाई का गाँव है. पुना,” खजिनदार लगेच म्हणाले.

सर्व्हेअरला मराठी वाचता येत नव्हतं. तो पान उलटणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, “नै साहेब. ‘अच्छी’ लिखा है. मैं लिखी. खोका खोले बगैर लिखी.”

सर्व्हेअरनं पेन वहीवर ठेवलं.

“अम्मा, ये तो मेरे कू पढने नै आता था.”

“इसके वास्तेच बोली.”

त्यानं असं का लिहिलं ते विचारलं. बाईंनी नियम सांगितला, वास सांगितला, शिरस्ता सांगितला. त्यानं तेच लेखी मागितलं. निर्णय होईपर्यंत साठही पुस्तकं जशीच्या तशी ठेवायची, एकही कुणाला द्यायचं नाही, असं बजावून तो गेला.

खजिनदार खुर्चीतून उठलेच नाहीत. “बाई, त्यानं तुम्हाला विचारलं होतं का?”

“मलाच विचारलं होतं. मध्ये तुम्ही बोललात.”

“वर्ग तुमचा होता. मी कुणासाठी बोललो?”

“ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी पट्टी घेतली आणि साठ ओळींवर तांबड्या शाईनं रेघ मारली. प्रत्येक ओळीपुढे सही केली. त्या वहीत त्याआधी खाडाखोड नव्हती.

कंपनीकडून विचारणा आली, मग आणखी एक आली. मालाची स्थिती चांगली असल्याची नोंद असताना नुकसान केव्हा झालं, असा प्रश्न होता. उत्तरं इंग्रजीत मी लिहिली, सोबत बाईंचा जबाब आणि त्या पानांच्या प्रती जोडल्या. सर्व्हेअरच्या अहवालात एक वाक्य होतं: नोंद खोकं उघडण्यापूर्वीची असल्याचं ग्रंथपालांनी आपणहून सांगितलं. बावन्न पुस्तकांचा क्लेम मंजूर झाला. “तीन आठवड्यांत झालं असतं,” खजिनदार म्हणाले. ते खरं असावं. लागले तीन महिने.

नवी पुस्तकं आल्यावर वर्ग सुरू झाला. पंधरांपैकी चार मुलं तोवर बरकतपुऱ्यात रविवारच्या अबॅकसच्या वर्गाला जाऊ लागली होती. बाई चारही घरी जाऊन आल्या. दोन मुलं परत आली.